खुब्याचा कृत्रिम सांधा : सुरक्षितता आणि नोंद

आज जवळजवळ प्रत्येक गावात आणि प्रत्येक वस्तीत असा एखादा माणूस भेटतो की ज्याच्या ‘खुब्याचा बॉल’ बदललेला आहे. पूर्वी ही शस्त्रक्रिया केवळ मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत आणि पैसेवाल्यांसाठीच होते असा समज होता. आता आपल्या नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, सर्वसामान्य कुटुंबांपर्यंतही ती पोचली आहे. परंतु शस्त्रक्रिया जितकी पोचली तितके तिच्याविषयीचे ज्ञान मात्र पोचलेले नाही. काही जण म्हणतात, “खुब्याचे ऑपरेशन केले की माणूस कायमचा पांगळा होतो.” याउलट काही जण म्हणतात, “एकदा लोखंड बसवले की जन्माची काळजी मिटली.” आमच्या मते ही दोन्ही मते अर्धवट आहेत. पहिले मत माणसाला विनाकारण अंथरुणाला खिळवून ठेवते आणि दुसरे त्याला बेसावध करते.

आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारे आणि कला शाखेचे पदवीधर आहोत. म्हणून कोणावर कोणता उपचार करावा हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु या विषयाचे वाचन करताना एक गोष्ट आमच्या मनावर पक्की ठसली आणि ती आमच्या रोजच्या कामाशी जुळणारी आहे. कृत्रिम सांध्याची सुरक्षितता जितकी शल्यविशारदाच्या हातावर अवलंबून असते तितकीच ती नोंदीवर अवलंबून असते. हाच या लेखाचा विषय आहे.

खुबा म्हणजे काय आणि तो का बदलावा लागतो?

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. कमरेच्या हाडात वाटीसारखी खोलगट जागा असते. हा चेंडू त्या वाटीत फिरतो म्हणून आपण चालतो, वाकतो, मांडी घालून बसतो. दोन्ही हाडांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. हे आवरण झिजले, किंवा चेंडूचा रक्तपुरवठा बंद पडून हाड खचले, की प्रत्येक पावलागणिक कळ येऊ लागते. जांघेत दुखते, पाय आखूड वाटतो, पायात मोजा घालणेही कठीण होते.

आपल्याकडे म्हातारपणाच्या झिजेमुळे गुडघे अधिक बिघडतात. खुबा बिघडण्याची कारणे पुष्कळदा वेगळी असतात. जुना अपघात, संधिवात, पाठीचा कणा ताठ करणारा आजार, सिकलसेलसारखा रक्ताचा आजार, दीर्घकाळचे अतिमद्यपान आणि स्टेरॉइड औषधांचा बेसुमार वापर ही त्यांतील प्रमुख होत. कोरोनाच्या साथीनंतर २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी, उपचारात स्टेरॉइड घेतलेल्या काही रुग्णांच्या खुब्याचे हाड रक्तपुरवठ्याअभावी खराब झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली होती. अंगदुखीवर कोणाकडूनही मिळणाऱ्या पुड्या व गोळ्या वर्षानुवर्षे खाणाऱ्यांनी यावरून बोध घ्यावा. अशा पुडीत काय आहे हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

वृद्ध माणूस पडून खुब्याचे हाड मोडणे हा आणखी वेगळा प्रकार आहे. तेथे शस्त्रक्रिया टाळून माणसाला महिनोन्‌महिने खाटेवर ठेवणे हेच अधिक धोक्याचे असते. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गाठी होतात. “वय झाले, आता कशाला ऑपरेशन?” असे म्हणण्यापूर्वी घरातील कर्त्या माणसांनी हा विचार अवश्य करावा.

एका डॉक्टरची शिस्त

आज केली जाते त्या स्वरूपातील खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया इंग्लंडमधील डॉ. जॉन चार्नली यांनी राइटिंग्टन रुग्णालयात विकसित केली. त्यांनी चेंडू धातूचा ठेवला आणि वाटीसाठी प्रथम टेफ्लॉन नावाचे गुळगुळीत प्लॅस्टिक वापरले. सुरुवातीला रुग्ण आनंदाने चालू लागले. परंतु काही वर्षांतच ते प्लॅस्टिक झिजले, त्याच्या कणांनी आजूबाजूची जागा खराब केली आणि सांधे सैल झाले. चार्नली यांनी ही गोष्ट झाकून ठेवली नाही. टेफ्लॉनचे कण शरीरात काय करतात हे पाहण्यासाठी त्यांनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. पुढे १९६२ साली त्यांनी अधिक टिकाऊ पॉलिएथिलीनची वाटी वापरण्यास सुरुवात केली आणि तेथून या शस्त्रक्रियेचे यश सुरू झाले.

विद्यार्थी मित्रांनी येथे एक प्रश्न स्वतःला विचारावा. टेफ्लॉन वाईट आहे हे चार्नली यांना कळले कसे? ते आपल्या रुग्णांना पुनःपुन्हा बोलावून तपासत होते, क्ष-किरण चित्रे जपून ठेवत होते आणि मागील चित्राशी पुढील चित्र ताडून पाहत होते, म्हणून कळले. शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गाचीही त्यांनी अशीच मोजदाद ठेवली. शस्त्रक्रियागृहात शुद्ध हवेची व्यवस्था केली आणि सुरुवातीला बरेच असलेले संसर्गाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने एक टक्क्याच्या आसपास व पुढे त्याहूनही खाली आणले. ज्याची नोंद ठेवली जाते त्याचीच सुधारणा होऊ शकते हा त्यांच्या आयुष्याचा धडा आहे.

पुढे काही देशांनी हीच शिस्त राष्ट्रीय पातळीवर नेली. स्वीडनमध्ये १९७९ पासून खुब्याच्या कृत्रिम सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. ऑस्ट्रेलियात अशी नोंदवही १९९९ साली सुरू झाली. कोणत्या रुग्णाला कोणत्या कंपनीचा सांधा बसवला आणि तो किती वर्षांनी बदलावा लागला हे तेथे एका ठिकाणी पाहता येते. भारतातही सांधेरोपण करणाऱ्या शल्यविशारदांच्या संघटनेने २००६ पासून नोंदवही सुरू केली, पण तीत माहिती भरणे ऐच्छिक ठेवलेले आहे.

ही शस्त्रक्रिया कितपत सुरक्षित आहे?

या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, ही आजच्या वैद्यकशास्त्रातील अत्यंत यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक आहे. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात परदेशांतील नोंदवह्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार बसवलेल्या १०० सांध्यांपैकी सुमारे ८९ सांधे १५ वर्षे, ७० सांधे २० वर्षे आणि ५८ सांधे २५ वर्षे टिकतात. म्हणजे साठीत सांधा बदललेल्या बहुतेक माणसांना तो जन्मभर पुरतो. चाळिशीत बदललेल्या माणसाला मात्र पुन्हा एकदा शस्त्रक्रिया लागू शकते, हे त्याला आधीच ठाऊक असले पाहिजे.

तरीही धोका शून्य नाही. मुख्य धोके असे आहेत. पहिला, जंतुसंसर्ग. चांगल्या ठिकाणी तो शंभरात एखाद्यालाच होतो, पण झाला तर सांधा काढावा लागण्यापर्यंत वेळ येते. दुसरा, पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होणे आणि ती फुप्फुसात जाणे. तिसरा, चेंडू वाटीतून निसटणे. चौथा, दोन्ही पायांच्या लांबीत थोडा फरक पडणे. पाचवा, वर्षे उलटल्यावर सांधा झिजणे वा सैल होणे. मधुमेह, तंबाखू, वाढलेले वजन, दातांतील वा लघवीतील जुना संसर्ग यांमुळे धोका वाढतो. यांपैकी बऱ्याच गोष्टी शस्त्रक्रियेपूर्वी आटोक्यात आणता येतात. त्यासाठी डॉक्टरांनी महिना-दोन महिने थांबायला सांगितले तर रुग्णाने नाराज होऊ नये.

आपल्या राहणीचाही येथे संबंध येतो. खाली उकिडवे बसणे, मांडी घालणे, भारतीय पद्धतीचा संडास वापरणे या हालचालींत चेंडू निसटण्याची भीती असते, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत. म्हणून घरी जाण्यापूर्वीच उंच कमोडची सोय करावी आणि कोणत्या हालचाली किती काळ टाळायच्या हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. विहारात वंदनेच्या वेळी सर्व जण खाली बसलेले असताना आपण खुर्चीवर बसायचे याचा अनेक वडीलधाऱ्यांना संकोच वाटतो. तो संकोच त्यांनी सोडावा आणि इतरांनी आपण होऊन त्यांना खुर्ची पुढे करावी.

एएसआर सांध्याचे प्रकरण

आतापर्यंत सांगितलेले सर्व धोके डॉक्टरांना माहीत असलेले धोके आहेत. परंतु बसवलेली वस्तूच सदोष निघाली तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे आणि ते प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे.

जॉन्सन अँड जॉन्सन या अमेरिकन उद्योगसमूहातील डीप्यू या कंपनीने २००३ नंतर ‘एएसआर’ नावाचा खुब्याचा सांधा बाजारात आणला. नेहमीच्या सांध्यात धातूचा वा सिरॅमिकचा चेंडू प्लॅस्टिकच्या वाटीत फिरतो. एएसआरमध्ये चेंडू आणि वाटीची आतील बाजू दोन्ही कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूची होती. प्लॅस्टिक नाही म्हणजे झीज नाही, आणि चेंडू मोठा म्हणजे तो निसटणार नाही, असा त्यामागील विचार होता. तरुण व कामकरी रुग्णांसाठी तो उत्तम म्हणून सांगितला गेला. परंतु त्याची वाटी उथळ होती. चेंडू तिच्या काठावर घासला जाई आणि धातूचे अतिसूक्ष्म कण सुटत. ते कण सांध्याभोवतीचे स्नायू व हाड खराब करीत आणि कोबाल्ट व क्रोमियम रक्तात मिसळत असे.

हा दोष प्रथम नोंदवह्यांतून उघड झाला. ऑस्ट्रेलियात या सांध्याचे रुग्ण अपेक्षेपेक्षा अधिक संख्येने पुन्हा शस्त्रक्रियेला येत आहेत असे दिसले आणि २००९ च्या अखेरीस तेथे तो मागे घेण्यात आला. ब्रिटनच्या नोंदवहीत २०१० साली असे आढळले की, पाच वर्षांत शंभरातील १२ ते १३ सांधे बदलावे लागत होते. चांगल्या नेहमीच्या सांध्यात हे प्रमाण दोन-तीनच्या आसपास असते. अखेर ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने हा सांधा जगभरातून परत मागवला. तोपर्यंत जगात सुमारे ९३,००० सांधे बसवले गेले होते.

भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा सांधा वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणी प्रथम पाऊल उचलले. त्या वेळचे आयुक्त श्री. महेश झगडे यांच्या कारकिर्दीत मुंबईतील माहीम पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवण्यात आला. २०१२ साली केंद्राने आयात परवाना रद्द केला. मुंबईतील व इतर शहरांतील पीडित रुग्ण स्वतः एकत्र आले आणि त्यांनी पत्रव्यवहार, तक्रारी व न्यायालय या मार्गांनी हा प्रश्न जिवंत ठेवला. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीने फेब्रुवारी २०१८ मध्ये अहवाल दिला आणि प्रत्येक बाधित रुग्णास किमान २० लाख रुपये भरपाई मिळावी अशी शिफारस केली. त्यानंतर डॉ. आर. के. आर्य यांच्या समितीने वय व अपंगत्व यांचा विचार करून सूत्र ठरवले. त्यानुसार भरपाईची रक्कम ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत येत होती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या योजनेला व्यापक प्रसिद्धी देण्यास सरकारला सांगितले. पुढे भरपाईचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. तेथे मे २०१९ मध्ये कंपनीने, पुन्हा शस्त्रक्रिया झालेल्या ६७ पडताळणी झालेल्या रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी दर्शवली. तुलनेसाठी सांगायचे तर अमेरिकेत २०१३ सालीच सुमारे ८,००० रुग्णांसाठी अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली होती.

सर्वांत मोठा तोटा कोणता?

वरील हकिकतीत पैशांचे आकडे मोठे आहेत. परंतु आम्हाला त्यांहून बोचणारा आकडा दुसराच आहे. तज्ज्ञ समितीच्या अहवालानुसार भारतातील ४,७०० पैकी सुमारे ३,६०० रुग्णांचा माग लागू शकला नाही. म्हणजे चार रुग्णांपैकी तिघे हरवले. त्यांच्या शरीरात परत मागवलेला सांधा होता, परंतु ते कोण आणि कोठे आहेत हे सांगणारा कागद हाताशी नव्हता. त्यांतील कित्येकांना स्वतःलाही ते ठाऊक नसेल. दुखले तर त्यांनी म्हटले असेल, वय झाले, चालायचेच.

आमच्या बँकेत एखाद्या म्हातारीने पाचशे रुपयांची ठेव ठेवली तरी तिचे नाव, पत्ता, वारस, रक्कम आणि मुदत यांची नोंद होते. पावती हरवली तरी नोंद हरवत नाही. मग लाखांच्या घरात खर्च करून शरीरात बसवलेल्या, वीस-पंचवीस वर्षे राहणाऱ्या वस्तूची नोंद एवढीही काटेकोर नसावी काय?

कायद्याची बाजूही पाहू. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी आंतररुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावे लागतात, आणि रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत द्यावे लागतात. हा दुसरा भाग आपल्या हक्काचा आहे. परंतु पहिला भाग विचार करायला लावणारा आहे. कागद जपण्याचे बंधन तीन वर्षांचे, सांधा मात्र वीस वर्षांचा! उरलेली सतरा वर्षे तो कागद कोण जपणार? त्याचे उत्तर एकच आहे : रुग्ण आणि त्याचे कुटुंब.

आपल्या जिल्ह्यात याचे महत्त्व अधिक आहे. नगरचा रुग्ण कधी लोणीला जातो, कधी विळद घाटात, कधी पुण्याला, तर कधी मुंबईला. पाथर्डीकडची अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी वर्षाचे काही महिने घराबाहेर असतात. मुलाच्या नोकरीमुळे पत्ता बदलतो, मोबाइलचा क्रमांक तर दरवर्षी बदलतो. उद्या एखादा सांधा परत मागवला गेला तर रुग्णालयाने पाठवलेले पत्र अशा माणसापर्यंत पोचणार कसे?

आपण काय करावे?

१) शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या प्रकारचा सांधा बसवणार? चेंडू कशाचा, वाटी कशाची? हा सांधा किती वर्षांपासून वापरात आहे? नवीन म्हणजे चांगलाच असे समजू नये. विचारणे हा उद्धटपणा नाही. नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाचे चांगला डॉक्टर आनंदाने उत्तर देतो.

२) सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यात कंपनीचे नाव, आकार व लॉट क्रमांक छापलेले स्टिकर असतात. ते रुग्णालयाच्या केसपेपरवर लावतात. त्यांचा एक संच आपल्या डिस्चार्ज कार्डावर लावून मागावा. या संपूर्ण लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवावी.

३) डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची टिपणे, बिल आणि क्ष-किरण चित्रे रेशनकार्ड व सातबारा ठेवतो त्याच पेटीत ठेवावीत. त्यांच्या झेरॉक्स काढाव्यात आणि मोबाइलवर छायाचित्रे घेऊन मुलांकडे ठेवावीत. बिलाची शाई कालांतराने उडते, हे बँकेतील माणसाला चांगले ठाऊक असते.

४) दुखत नसले तरी डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना तपासणीस जावे. पत्ता वा फोन बदलला तर रुग्णालयाला कळवावे.

५) जांघेत नव्याने दुखणे, सूज, लंगडणे, सांध्यातून आवाज येणे, ताप किंवा जखमेतून पाणी येणे यांकडे दुर्लक्ष करू नये. २००३ ते २०१० या काळात खुबा बदललेल्यांनी आपला सांधा कोणता आहे हे जुन्या कागदांवरून पाहून घ्यावे. धातूवर धातू असा सांधा असल्यास रक्तातील कोबाल्ट व क्रोमियमची तपासणी करावी काय, हे अस्थिरोगतज्ज्ञाला विचारावे.

६) सांध्यात दोष असल्याचा संशय आल्यास रुग्णालयाला व अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाला लेखी कळवावे. वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेण्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०१५ मध्ये स्वतंत्र कार्यक्रमही सुरू केला आहे. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत साधारणतः दोन वर्षांची असते.

७) खर्चाची अडचण असलेल्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटावे आणि आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते काय याची खात्री करून घ्यावी. शस्त्रक्रिया मोफत झाली तरी स्टिकर मागण्याचा हक्क तोच राहतो.

विद्यार्थ्यांसाठी एक काम

सुशिक्षित मुला-मुलींना आमची एक विनंती आहे. आपल्या वस्तीत ज्यांच्या शरीरात कृत्रिम सांधा, सळई, हृदयातील स्टेंट वा पेसमेकर आहे अशा व्यक्तींना सुट्टीत भेटावे. त्यांच्या संमतीने त्यांचे कागद पाहावेत आणि शस्त्रक्रियेची तारीख, रुग्णालय, वस्तूचे नाव व क्रमांक एका कार्डावर सुवाच्य अक्षरांत लिहून ते कार्ड त्यांच्याच हाती द्यावे. ही माहिती खाजगी असते, म्हणून ती दुसऱ्या कोणाला सांगू नये. ज्या आजीला वाचता येत नाही तिच्यासाठी एवढे एक कार्ड म्हणजे मोठा आधार आहे. या कामाला पैसा लागत नाही, थोडा वेळ आणि चांगले अक्षर लागते.

खुब्याच्या शस्त्रक्रियेने असंख्य माणसांना पुन्हा आपल्या पायांवर उभे केले आहे. तिला भिऊन वेदना सोसत राहण्याचे कारण नाही. परंतु एएसआरच्या प्रकरणात परदेशातील रुग्णांना जे लवकर कळले ते आपल्याकडील हजारो रुग्णांना कधी कळलेच नाही, आणि त्यामागे नोंदीचाच फरक होता. देशाची नोंदवही परिपूर्ण होईल तेव्हा होईल. तोपर्यंत ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी आजच पेटी उघडून ते डिस्चार्ज कार्ड शोधावे, आणि सापडले नाही तर उद्याच रुग्णालयात अर्ज द्यावा.